बाजूनें पाहिलेला चेहरा

नाण्यावरचा राजा आपल्याकडे पाहत नाहीं. त्याची नजर नाण्याच्या कडेकडे लागलेली असते. कपाळ, नाक, ओंठ आणि हनुवटी यांची मिळून झालेली एकच रेषा आपणांस दिसते. पोलिसांच्या दप्तरांतील कैद्याचें कार्ड काढून पाहिलें, तर त्यावरील दोन चित्रांपैकीं एक नेमकें असेंच असतें. सिंहासनावर बसलेला आणि कोठडींत बसलेला, हे दोघेही एकाच बाजूनें पाहिले जावेत, ही गोष्ट प्रथमदर्शनीं विलक्षण वाटते. जी रीत एकास गौरविण्याकरितां योजिली, तीच दुसऱ्यास जखडण्याच्या कामीं कां आली? ह्या प्रश्नाचा शोध घेऊं लागलें म्हणजे दोन हजार वर्षांचा इतिहास चाळावा लागतो, आणि त्यांतून चेहऱ्यापेक्षां चेहरा पाहणारांविषयींच अधिक कळतें.

चेहऱ्याच्या ह्या दर्शनास इंग्रजींत 'प्रोफाइल' म्हणतात. मोगल चित्रकलेचे अभ्यासक त्यास 'एकचश्मी' म्हणतात, कारण त्यांत एकच डोळा दिसतो. येथें त्यास पार्श्वमुख म्हणूं. पार्श्वमुखाचे दोन गुण आरंभींच ध्यानांत घेतले पाहिजेत. पहिला असा कीं, माणसाची ओळख पटविणारी रेषा त्यांत अगदीं स्पष्ट उमटते. समोरून पाहिल्यास नाकाची उंची किंवा कपाळाचा उतार नीटसा समजत नाहीं. बाजूनें पाहतांच तो भिंतीवरील सांवलींतसुद्धां समजतो. दुसरा गुण अधिक सूक्ष्म आहे. समोरून काढलेल्या चित्रांतील माणूस आपल्याकडे पाहतो, आणि त्याच्या व आपल्यामध्यें कांहींतरी देवघेव होते. पार्श्वमुखांत ही देवघेव नाहीं. आपण त्यास पाहतों, तो आपणांस पाहत नाहीं. राजाच्या बाबतींत ह्याचा अर्थ असा होतो कीं, तो आपल्या नजरेच्या वर आहे. कैद्याच्या बाबतींत अर्थ उलटतो; नजरेस नजर देण्याचा त्याचा अधिकारच काढून घेतलेला असतो.

चित्रकलेचा जन्मच पार्श्वमुखापासून झाला, अशी प्राचीन युरोपांत समजूत होती. रोमन ग्रंथकार प्लिनी ह्यानें पहिल्या शतकांत एक कथा नमूद केली आहे. कॉरिंथ नगरांत ब्युटाडीस नांवाचा कुंभार राहत असे. त्याच्या मुलीचा प्रियकर परदेशीं निघाला, तेव्हां तिनें दिव्याच्या उजेडांत भिंतीवर पडलेली त्याच्या चेहऱ्याची सांवली रेषेनें आंखून घेतली. बापानें त्या रेषेंत माती भरून ती भाजली, आणि मूर्ति तयार झाली. कथा खरी असो वा नसो, तिच्यांत एक मर्म आहे. ती रेषा आंखणारा हात प्रेमाचा होता, आणि जाणारास जवळ ठेवावें एवढाच त्याचा हेतु होता.

त्याच प्लिनीनें दुसरी एक गोष्ट सांगितली आहे. अँटिगोनस राजाचा एक डोळा गेलेला होता. अपेलीस ह्या चित्रकारानें त्याचें चित्र असें वळवून काढलें कीं, व्यंग असलेली बाजू दिसूंच नये. पुढें पंधराव्या शतकांत इटलींतील उर्बिनोचा अधिपति फेदेरिगो दा मोंतेफेल्त्रो ह्याच्या बाबतींत हेंच घडलें. शस्त्रांच्या खेळांत त्याचा उजवा डोळा गेला होता. पिएरो देल्ला फ्रांचेस्का ह्यानें त्याची डावी बाजू रंगविली. ती आज फ्लॉरेन्सच्या उफ्फीत्सी संग्रहालयांत आहे, आणि शेजारीं पत्नी बात्तिस्ता त्याच्याकडे तोंड करून आहे. नाकाचा मोडलेला बांक मात्र चित्रकारानें लपविला नाहीं. कोणती बाजू दाखवावी हें ठरविण्यांत केवढी सहृदयता असूं शकते, हें ह्या दोन गोष्टींवरून कळतें.

नाण्यांवर पार्श्वमुख रूढ होण्यास सौंदर्याइतकेंच व्यवहाराचेंही कारण होतें. नाण्याचा उठाव फारच थोडा असतो. त्यावर समोरून चेहरा काढला, तर नाक सर्वांत पुढें येतें आणि हाताळण्यानें तेंच आधीं झिजतें. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनें १५४० नंतरच्या दशकांत चांदींत तांबें मिसळून हीन नाणीं पाडलीं, व त्यांवर आपला चेहरा समोरून घातला. थोड्याच दिवसांत नाकावरची चांदी उडून खालचें तांबें दिसूं लागलें, आणि प्रजेनें राजास 'तांबड्या नाकाचा म्हातारा' असें नांव ठेविलें. बाजूचा चेहरा ही फजिती टाळतो.

नाण्यावरील पार्श्वमुखास राजसत्तेच्या दृष्टीनें केवढें महत्त्व होतें, ह्याचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्राच्याच भूमींत सांपडला. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा मिळाला. त्यांत १३,००० हून अधिक नाणीं होतीं. तीं क्षहरात क्षत्रप नहपान ह्याचीं. प्रत्येकावर उजवीकडे तोंड केलेला त्याचा चेहरा, आणि भोंवतीं व मागें ग्रीक, खरोष्ठी व ब्राह्मी ह्या तीन लिपींतील अक्षरें. परंतु त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर दुसराच छाप मारलेला आढळला. गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचा पराभव केल्यावर त्याच्या नाण्यांवर आपलीं चिन्हें ठोकलीं. पुष्कळ ठिकाणीं शत्रूच्या गालावरच डोंगराची आकृति उमटलेली दिसते. क्षहरातांचा वंश निर्मूल केल्याची घोषणा नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या शिलालेखांत आहे. तीच घोषणा ह्या नाण्यांवर हातोड्यानें केलेली आहे. पुढें सातवाहन राजांनींही चांदीच्या नाण्यांवर आपले चेहरे बाजूनेंच घातले. शत्रूचें राज्य घेतलें, त्याबरोबर त्याची रीतही घेतली.

येथें एक गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं. नहपानाच्या नाण्यांवरील चेहरे परस्परांशीं जुळत नाहींत. कांहींवर तो तरुण दिसतो, कांहींवर वृद्ध; नाकाची ठेवणही बदलते. म्हणजे राजाचें पार्श्वमुख हें पुष्कळदां त्याच्या अधिकाराचें चिन्ह असे, त्याच्या देहाचें वर्णन नसे. बाजूची रेषा म्हणजे निखळ सत्य, ही समजूत बरीच उशिरां जन्मास आली.

मोगल दरबारांत जहांगीराच्या काळीं एकचश्मी चित्राची रीत पक्की झाली. तेथील दोन चित्रें शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत, आणि दोहोंचा संबंध दक्षिणेशीं आहे. निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर हा जहांगीरास कधींच हातीं लागला नाहीं. अबुल हसन ह्या दरबारी चिताऱ्यानें १६१६ च्या सुमारास एक चित्र काढलें. त्यांत भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मस्तकावर बादशहा बाण सोडीत आहे. प्रत्यक्षांत असें कांहीं घडलें नव्हतें. जें रणांगणावर साधलें नाहीं तें कागदावर साधून घेतलें. त्याच दरबारांतील हाशिम ह्या दुसऱ्या चिताऱ्यानें मात्र ह्याच मलिक अंबरचें उभें पार्श्वमुख असें काढलें आहे कीं, शुभ्र वस्त्रांतील त्या वृद्ध सेनानीची धीरगंभीर मुद्रा पाहून शत्रूसही आदर वाटावा. माणूस तोच, दरबार तोच, पाहण्याची बाजूही तीच. फरक पडला तो हेतूनें.

अठराव्या शतकापर्यंत स्वतःचें चित्र असणें ही राजेरजवाड्यांची व धनिकांची चैन होती. ती मध्यम स्थितीच्या घरांत आणली सांवलीनें. मेणबत्तीपुढें माणसास बसवावें, पडद्यावर पडलेली सांवली कागदावर आंखावी आणि ती काळ्या रंगानें भरावी किंवा काळ्या कागदांतून कापून काढावी, एवढाच हा खटाटोप. एतिएन द सिलुएत हा गृहस्थ १७५९ सालीं कांहीं महिने फ्रान्सचा अर्थमंत्री होता. त्याच्या काटकसरीची लोक इतकी थट्टा करूं लागले कीं, स्वस्तांतील प्रत्येक वस्तूस त्याचें नांव मिळालें, आणि तें ह्या छायाकृतींस कायमचें चिकटलें असें सांगतात. त्याच शतकाच्या अखेरीस क्रेतिएन नांवाच्या फ्रेंच वादकानें पार्श्वमुख यंत्रानें आंखून, लहान करून तांब्याच्या पत्र्यावर उतरविण्याची युक्ति काढली; त्यामुळें एकाच चेहऱ्याच्या अनेक छापील प्रती मिळूं लागल्या.

परंतु सांवली घरोघर गेली, त्याबरोबर एक अनिष्ट कल्पनाही गेली. झूरिचचा धर्मोपदेशक लाव्हाटर ह्यानें १७७५ ते १७७८ ह्या वर्षांत मुखसामुद्रिकावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कपाळ, नाक व हनुवटी यांच्या रेषेवरून मनुष्याची बुद्धि व शील वाचतां येतें, असा त्याचा दावा होता. आणि ह्या वाचनास छायाकृतीसारखें साधन नाहीं, असें तो म्हणे. ज्या सांवलींत कुंभाराच्या मुलीनें आपला माणूस पाहिला, त्याच सांवलींत आतां परका मनुष्य गुणदोष मोजूं लागला. ह्या शास्त्रास पाया नव्हता. तरीही नाकावरून स्वभाव ठरविण्याची खोड समाजांत दीर्घकाळ टिकली.

छायाचित्रणाच्या पाळण्यांतही पार्श्वमुखच होतें, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. १८०२ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या नियतकालिकांत हंफ्रे डेव्ही ह्यानें टॉमस वेजवुडच्या प्रयोगांचें वर्णन छापलें. सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर किंवा पांढऱ्या कातड्यावर प्रकाशाच्या योगें चित्रें उतरविण्याचे ते प्रयोग होते, आणि त्या लेखाच्या मथळ्यांतच पार्श्वमुखें काढण्याचा उल्लेख आहे. सांवली खरोखर कागदावर उमटे; पण ती स्थिर करण्याचें रसायन त्यांस सांपडलें नाहीं. मेणबत्तीच्या मंद उजेडांत क्षणभर पाहावी आणि पुन्हां अंधारांत ठेवावी, नाहीं तर सगळा कागद काळा होऊन चेहरा नाहींसा होई. हें कोडें सुटण्यास आणखी ३७ वर्षें लागलीं. १८३९ च्या ऑगस्ट महिन्यांत पॅरिसमध्यें दागेरची पद्धति जगजाहीर झाली.

हिंदुस्थानांत ही विद्या येण्यास विलंब लागला नाहीं. १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रण संस्था स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें ह्या विषयाचा वर्ग उघडला. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे ह्या कलेंतील आरंभीच्या एतद्देशीय जाणकारांपैकीं होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनींही मुंबईंत चित्रशाळा चालवून नांव मिळविलें. त्या काळीं कांचेवर चित्र उमटण्यास बराच वेळ लागे, म्हणून मानेमागें लोखंडी आधार लावून माणसास निश्चल बसवीत. चित्रशाळेंत जाणारा गृहस्थ पैसे देऊन, ठेवणींतलें पागोटें बांधून जाई, आणि कसें बसावें ह्यांत त्याचा शब्द चाले. ज्यांस पैसे द्यावे लागले नाहींत आणि ज्यांचा शब्दही विचारला नाहीं, त्यांची कथा मात्र निराळी आहे.

१८६९ सालीं टॉमस हक्स्ले ह्या विख्यात शास्त्रज्ञानें साम्राज्यांतील निरनिराळ्या मानवसमूहांचीं छायाचित्रें कशीं घ्यावींत ह्याचे नियम करून दिले: माणूस विवस्त्र, शेजारीं मोजपट्टी, एक चित्र समोरून आणि एक बाजूनें. त्याच वर्षीं लँप्री ह्यानें लांकडी चौकटीवर दोन-दोन इंचांवर रेशमी दोरे ताणून त्या जाळीपुढें माणसास उभें करण्याची पद्धति मांडली. अंदमानांत पोर्टमन ह्या अधिकाऱ्यानें १८९० नंतर तेथील आदिवासींचीं अशीं अनेक चित्रें चौकड्यांच्या पडद्यापुढें घेतलीं. तीं पाहतांना मन अस्वस्थ होतें. चित्र अगदीं रेखीव असतें. खांदे, गाल, कान, सारें स्पष्ट. परंतु ज्याचें चित्र आहे तो माणूस तेथें आपल्या मर्जीनें उभा नाहीं, आणि त्याचें चित्र त्याच्या घरीं जाणार नाहीं. ज्या समाजास परक्या सत्तेबरोबर आलेल्या रोगांनीं ह्याच काळांत ग्रासलें होतें, त्याच्या देहाचीं मापें मात्र काळजीपूर्वक जपून ठेवलीं गेलीं.

पार्श्वमुखास कायद्याच्या दप्तरांत कायमचें बसविलें तें आल्फोंस बर्तिलों ह्यानें. १८७९ सालीं तो पॅरिसच्या पोलीस कचेरींत साधा कारकून म्हणून लागला. गुन्हेगारांचीं वर्णनें उतरवून काढणें हें त्याचें काम. उंची मध्यम, चेहरा साधारण, अशा वर्णनांनीं कोणीच ओळखूं येत नसे. कचेरींत कैद्यांचीं छायाचित्रें हजारोंनीं सांठलीं होतीं. परंतु कोणीं डाव्या खांद्यावरून, कोणीं समोरून, कोणीं हंसरें, असें वाटेल तसें काढलेलें. खोटें नांव सांगणाराचें जुनें चित्र त्या ढिगांतून काढावें कसें? बर्तिलोंनें उपाय सुचविला कीं, डोकें, हात, मधलें बोट, पाऊल इत्यादि अवयव मोजावे आणि त्या मापांवरून कार्डें लावावीं. वरिष्ठांनीं आरंभीं त्याची टर उडविली. अखेर तीन महिन्यांची मुदत मिळाली, आणि १८८३ च्या फेब्रुवारींत, ती मुदत सरत आली असतां, खोटें नांव घेतलेला पहिला जुना गुन्हेगार त्यानें मापांवरून ओळखून दाखविला. १८८५ सालीं पुन्हां पुन्हां गुन्हा करणारास देशांतराची शिक्षा देणारा कायदा फ्रान्सनें केला, तेव्हां ओळखीच्या ह्या शास्त्रास एकदम मोल चढलें.

मापांबरोबर बर्तिलोंनें छायाचित्रासही शिस्त लावली. खुर्ची ठराविक, अंतर ठराविक, प्रकाश ठराविक. दोन चित्रें, एक समोरून व एक उजव्या बाजूनें. प्रमाण मूळ देहाच्या एकसप्तमांश. बाजूच्या चित्रावर त्याचा विशेष भर होता, आणि त्याचें कारण होतें कान. माणूस ओंठ मुडपूं शकतो, कपाळास आंठ्या घालूं शकतो, दाढी वाढवूं शकतो; कानाचा आकार मात्र त्यास बदलतां येत नाहीं. केंस मागें सारून कान पूर्ण दिसलाच पाहिजे, असा ह्या पद्धतीचा दंडक होता. राजाच्या चित्रांत ज्या अवयवाकडे कोणी लक्ष देत नाहीं, तोच येथें मुख्य साक्षीदार झाला.

बर्तिलोंचें काम एका दृष्टीनें उपकारकही होतें, हें सांगितलें पाहिजे. ज्या पद्धतीनें अपराधी सांपडतो, तिनें निरपराधही सुटूं शकतो. परंतु त्या मोजमापांस मर्यादा होत्या. दोन अंमलदारांनीं मोजलेलें एकच डोकें सारखें भरेलच असें नसे. ह्या अडचणीवर तोड निघाली ती हिंदुस्थानांत. बंगालचे पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री आणि त्यांचे सहकारी अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनीं बोटांच्या ठशांचें वर्गीकरण बसविलें, आणि १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. मापें हळूहळू मागें पडलीं. समोरून व बाजूनें घेतलेलें चित्र मात्र राहिलें. हिंदुस्थानांत १९२० च्या कायद्यानें कैद्यांचीं मापें व छायाचित्रें घेण्याचा अधिकार दिला. त्याची जागा २०२२ च्या कायद्यानें घेतली, व त्यांत डोळ्यांच्या बुबुळाच्या नोंदीपर्यंत मजल गेली. आरोप शाबीत होण्यापूर्वींच ज्याचें असें चित्र निघतें आणि जगापुढें मांडलें जातें, तो पुढें निर्दोष सुटला तरी त्या चित्रांतून सुटणें त्यास कठीण होतें. पाहणारांनीं न्यायाधीशाच्या आधीं निकाल दिलेला असतो, आणि तो निकाल रद्द करणारें वरचें कोर्ट नाहीं.

मग पार्श्वमुखाची जुनी प्रतिष्ठा संपली काय? तसें झालें नाहीं. बर्तिलोंच्या आधींच एका स्त्रीनें त्यास कॅमेऱ्यांत नवें जीवन दिलें होतें. ज्युलिया मार्गारेट कॅमेरन ह्या १८१५ सालीं कलकत्त्यास जन्मल्या. वयाच्या ४८ व्या वर्षीं लेकीनें व जांवयानें भेट दिलेला कॅमेरा घेऊन त्यांनीं काम सुरू केलें. १८६७ सालीं त्यांनीं आपली भाची ज्युलिया जॅक्सन हिचें पार्श्वमुख घेतलें. मागें काळोख, मानेची ताणलेली शीर, चेहऱ्यावर एकाच बाजूनें आलेला उजेड. नाण्यावरच्या राणीचें गांभीर्य त्यांत आहे, पण मुकुट नाहीं. पुढें ह्या ज्युलियेची कन्या व्हर्जिनिया हिचें २० व्या वर्षीं, १९०२ सालीं, बेरेस्फर्ड ह्या छायाचित्रकारानें लंडनमध्यें असेंच पार्श्वमुख घेतलें. पुढें व्हर्जिनिया वुल्फ ह्या नांवानें ती थोर लेखिका झाली, आणि १९२६ सालीं कॅमेरनबाईंच्या छायाचित्रांचें पुस्तक तिनेंच प्रसिद्ध करून त्यास प्रस्तावना लिहिली. मायलेकींचीं हीं दोन चित्रें पाहिलीं म्हणजे पार्श्वमुखाचा तिसरा अर्थ कळतो. येथें बसणारी व्यक्ति आपल्या नजरेच्या वरही नाहीं आणि खालींही नाहीं. ती आपल्या विचारांत आहे, आणि तिच्या एकांताचा मान राखून तिला पाहण्याची परवानगी आपणांस मिळाली आहे.

नाण्यांवरही काळ पालटला. १९०९ सालीं अब्राहम लिंकनच्या जन्मशताब्दीस अमेरिकेनें त्याचें पार्श्वमुख सेंटच्या नाण्यावर घातलें. तें घडविणाऱ्या ब्रेनर ह्या शिल्पकारापुढें लिंकनचीं छायाचित्रें होतीं. लांकडी झोपडींत जन्मलेल्या माणसाचा चेहरा राजांच्या जागीं बसला, आणि तोही सर्वांत हलक्या, गरिबाच्या हातांतील नाण्यावर. हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर १९५० च्या नाण्यांवरून राजाचें मस्तक गेलें, व तेथें अशोकस्तंभाचे सिंह आले.

आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर ह्या इतिहासांत आहे. चेहरा बाजूनें दाखविण्यांत स्वतः मान नाहीं व अपमानही नाहीं. बाजूनें बसलेला मनुष्य पाहणारास अडवूं शकत नाहीं. म्हणूनच पाहणाराची जबाबदारी वाढते. त्या माणसास विचारलें होतें काय, त्याचें नांव चित्राबरोबर राहिलें काय, आणि चित्र त्याच्या हातीं पडलें काय, ह्या तीन गोष्टींवर सारें अवलंबून आहे. जेथें तिन्ही आहेत, तेथें भिंतीवरील सांवलीसुद्धां आप्ताप्रमाणें वाटते. जेथें तिन्ही नाहींत, तेथें उत्तमांतलें उत्तम भिंगही फक्त माप घेतें.

सुशिक्षित घरांतून जुन्या छायाचित्रांच्या वह्या असतात. त्यांत कोठेंतरी एखादी आजी, एखादा दूरचा चुलता बाजूस तोंड करून बसलेला असतो, आणि त्याचें नांव सांगणारें माणूस घरांत एखादेंच उरलेलें असतें. तें आहे तोंवर चित्राच्या पाठीमागें नांव, गांव आणि साल शिसपेनीनें लिहून ठेवावें. सातवाहनांच्या हातोड्यानें जें नहपानाचें झालें, तें विस्मृति कसलाही आवाज न करतां घरोघर करीत असते. कॉरिंथच्या मुलीनें रेषा आंखली तेव्हां तिला त्या मुलाचें नांव ठाऊक होतें. प्लिनीच्या कथेंत मात्र तें आलेलें नाहीं.